न दिसलेले वाघ कसे मोजायचे?

चिखलदऱ्याहून परतलात की कुणीतरी हमखास विचारतं, "वाघ दिसला का?" बहुतेकांचं उत्तर "नाही" असतं. माझी पीएचडी याच "नाही"वर चालू आहे. संगणकीय संख्याशास्त्र हे नाव भारदस्त आहे, पण प्रश्न साधा: जे दिसलेच नाहीत, ते किती?

१९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. वाघ तेव्हा पावलांच्या ठशांवरून मोजत. वनरक्षक पायवाटा पालथ्या घालायचे, ठशावर काच धरून आकार उतरवून घ्यायचे. मेहनत प्रचंड, पण प्रत्येक वाघाचा ठसा सापडतो आणि ओळखूही येतो, हे त्यात गृहीत धरलेलं. तोच वाघ चिखलात आणि धुळीत वेगळा ठसा उमटवतो. राजस्थानातल्या सरिस्कात २००४ साली कागदावर वाघ होते. २००५ मध्ये कळलं, शिकाऱ्यांनी एकही ठेवला नव्हता.

त्याआधीच, १९९५ मध्ये, उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरे लावून वेगळी वाट दाखवली होती. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. समजा, पहिल्या फेरीत १२ वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत १०, त्यातले ६ आधीचेच. म्हणजे दहातले सहा ओळखीचे. तर पहिल्या फेरीत जंगलातले साधारण ६० टक्के वाघ आले असावेत. मग एकूण २०. दिसले १६, न दिसलेले ४!

मग संगणक कशाला? कारण कॅमेऱ्याजवळ वावरणारा वाघ जास्त वेळा टिपला जातो, लांबचा कमी. हा फरक धरायचा, तर न दिसलेल्या वाघांचाही वावर कुठे असेल ते अंदाजावं लागतं. इतकी अज्ञातं हाताने सुटत नाहीत. संगणक हजारो शक्यता तपासतो आणि एका आकड्याऐवजी "एवढे ते एवढे" असं उत्तर देतो. अँड्र्यू रॉयल, कारंत आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नागरहोळेच्याच नोंदींवर हे करून दाखवलं. मी या विषयात आले ती याच वाटेने.

तेव्हा बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसलात आणि रात्रभर काहीच आलं नाही, तरी कागद कोरा ठेवू नका. कुठे बसलात, किती तास बसलात आणि "दिसला नाही", एवढं नक्की लिहा. आम्हाला तेही लागतं.