दम, भात आणि रक्तातलं आम्ल

पनवेल तालुक्यातलं गव्हाण हे खाडीकाठचं, आगरी-कोळी वस्तीचं गाव. खारजमिनीतला भात, मिठागरं आणि खाडीची मासळी यांवर या पट्ट्याचं पोट पिढ्यान्‌पिढ्या चाललं. भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली, की तिथेच रेघा आखून हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, डाव रंगत. चढाईला जाणाऱ्याजवळ भांडवल एकच, दम. मध्यरेषेपाशी भरून घेतलेला श्वास पलीकडच्या गड्याला शिवून परत येईपर्यंत पुरवायचा. मध्येच दम तुटला तर गडी बाद. आजची 30 सेकंदांची चढाई फार पुढची. तेव्हा चढाईचं घड्याळ छातीतच होतं, आणि ते चालवत होतं रक्तातलं आम्ल.

1905 साली जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं, की माणसाला श्वास घ्यायला भाग पाडतो तो मुख्यतः साचलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू रक्तात विरघळला की कार्बनिक आम्ल होतं आणि रक्ताचा पीएच उतरतो, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकतं. चढाईपटू तोंडाने दम घुमवताना श्वास थोडा थोडा सोडतो, ताजी हवा आत घेत नाही; आणि त्याच वेळी मांड्या-पोटऱ्या जीव तोडून राबत असतात. दोन्हीकडून आम्ल वाढतं. निरोगी रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात असतो. अतिकष्टाच्या मेहनतीनंतर तो काही मिनिटं 7.2 च्याही खाली उतरू शकतो, आणि मग धाप आवरत नाही.

जॉन स्कॉट यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ही गोष्ट स्वतःच्या देहावरच पारखली. 1920 च्या दशकात कधी त्यांनी भरपूर खायचा सोडा खाल्ला, कधी नवसागर पाण्यातून प्यायला. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तोच. शरीरात गेल्यावर तो रक्ताला आम्लाकडे ओढतो. तो पिऊन हॉल्डेनना धाप लागू लागली. हेच हॉल्डेन 1957 साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले.

खेळाडूंच्या कामाचा प्रयोग 1931 सालचा. हार्वर्डच्या थकवा-प्रयोगशाळेतल्या डेनिग, टॅलबॉट, एडवर्ड्स आणि डिल यांना दिसलं, की नवसागराने माणसाची कष्ट सोसायची ताकद घटते आणि सोड्याने वाढते. आजही काही धावपटू आणि जलतरणपटू वजनाच्या दर किलोमागे 0.3 ग्रॅम सोडा घेतात. थोड्या मिनिटांच्या जोरकस शर्यतीत त्याचा जरा फायदा होतो. पण मळमळ आणि जुलाब यांची किंमत पुष्कळांना मोजावी लागते.

मग रोजच्या जेवणाचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अन्न जाळून उरलेल्या राखेवरून त्याचे आम्लकारी आणि अल्ककारी असे गट पाडले गेले. त्या हिशेबाने जिभेला आंबट लिंबू अल्ककारी ठरतं. आणि तांदळाची भाकरी, सुकट, चिंबोरीचं कालवण हे गव्हाणकडचं सगळं जेवण आम्लकारी! असल्या आहाराने लघवीचा पीएच खरंच बदलतो. रक्ताचा मात्र जवळजवळ ढळत नाही, कारण फुप्फुसं वायू बाहेर टाकतात, मूत्रपिंडं आम्ल टाकतात आणि रक्तातला बायकार्बोनेट मधला भार पेलतो. आज बाजारात महागड्या बाटल्यांतून विकलं जाणारं अल्कधर्मी पाणी तर आधी जठरातल्या आम्लात पडतं. तरुण खेळाडूंनी त्यावर पैसे घालवावेत, हे पाहवत नाही.

जेवणाचं खरं काम वेगळ्या ठिकाणी चालतं. भातातला स्टार्च स्नायूंत ग्लायकोजेन होऊन साठतो आणि चढाईतली झेप त्याच्यावर चालते. मांस-मासळीत कार्नोसिन असतं, काही माशांत त्याचं भावंड अन्सेरिन. 1900 साली रशियातल्या गुलेविच यांनी मांसाच्या अर्कातून कार्नोसिन वेगळं काढलं. ते स्नायूच्या आतच आम्ल शोषून घेतं. ते ज्या बीटा-अलानिनपासून बनतं, ते गोळ्यांतून दिलं तर स्नायूंतला साठा वाढतो, हे रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवलं. ताटातल्या मासळीतून येणारी मात्रा त्या गोळ्यांपेक्षा कमी असते. तरी बोंबील आणि सुकटीवर वाढलेल्या गड्याला प्रथिनं आणि थोडं बीटा-अलानिन ताटातूनच मिळे, त्यासाठी पावडरीचा डबा विकत आणावा लागत नसे.

दरम्यान खेळ शेतातून मैदानावर गेला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. इकडे 1970 साली शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन संपादनाखाली आली. गव्हाणच्या शेजारी आता उलव्याच्या इमारती आहेत. चिखलातले निवटे आणि चिंबोऱ्या भरतीच्या पाण्यावर जगतात. भराव पडला की ते पाणी तिथवर येत नाही, आणि घरामागच्या खाडीतून फुकट मिळणारा खेळाडूचा खुराक मग बाजारभावाने घ्यावा लागतो.