इअरफोनची खरेदी : मंद्र नादाची पारख

इअरफोनचा ‘बेस’ म्हणजे साधारणतः २० ते २५० हर्ट्झ कंप्रतेचा मंद्र नाद. खोक्यावरील ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या आकड्यांवरून केवळ व्याप्ती कळते, स्वरांचा समतोल नव्हे. तो प्रत्यक्ष ऐकूनच पारखावा लागतो.

मस्कतमध्ये रुवीच्या दुकानांत किंवा मॉलमध्ये वातानुकूलन यंत्रांची घरघर आणि गर्दीचा गलबला मंद्र नाद झाकून टाकतात. त्यामुळे अतिरिक्त बेसचा इअरफोन तेथे सरस भासतो. घरच्या शांततेत तोच बोजड वाटतो. शिवाय किंचित मोठ्याने वाजणारा इअरफोन कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. म्हणून तुलनेपूर्वी दोहोंच्या आवाजाची पातळी समान करावी आणि इक्वलायझर बंद ठेवावा.

सिलिकॉनची टोपी कानात सैल बसल्यास बेस सर्वप्रथम हरपतो. योग्य मापाची टोपी बाहेरचा गोंगाटही अडवते. आवाज कमी ठेवता येतो व श्रवणशक्ती जपली जाते.

चाचणीसाठी परिचित ध्वनिमुद्रण निवडावे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. ती स्पष्ट ऐकू यावी आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याखाली गायकाचे शब्द दबू नयेत. असा इअरफोन निःशंक घ्यावा.