खुल्या खाणीची मूलतत्त्वे : उताराच्या पाच अंशांचे मोल

जमिनीच्या पोटातील खनिज बाहेर काढण्याचे दोन मार्ग आहेत. शाफ्ट आणि बोगदे खणून भूगर्भात उतरणे हा पहिला; खनिजावरील माती व खडक हटवून ते उघडे करणे हा दुसरा. या दुसऱ्या पद्धतीस खुली किंवा ओपनकास्ट खाण म्हणतात. भारतातील ९० टक्क्यांहून अधिक दगडी कोळसा याच पद्धतीने काढला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील दुर्गापूर व पद्मापूर येथील कोळसा, गोव्यातील लोहखनिज आणि तमिळनाडूतील नेवेलीचा लिग्नाइट ही तिची परिचित उदाहरणे होत.

आधी माती, मग खनिज

खनिजावरील निरुपयोगी माती-दगडाच्या थरास ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. एक टन कोळसा मिळविण्यासाठी असे किती घनमीटर आवरण हलवावे लागते, ते प्रमाण म्हणजे ‘स्ट्रिपिंग रेशो’. हे प्रमाण चार असेल, तर एक टन कोळशामागे चार घनमीटर, म्हणजे सुमारे नऊ ते दहा टन खडक उचलावा लागतो. खुल्या खाणीचा मुख्य व्यवसाय खनिज काढण्यापेक्षा माती हलविण्याचाच असतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. कोळशाचा थर बहुधा तिरपा असतो. खाण जसजशी पुढे सरकते, तसतसे आवरण जाड होते आणि खर्च वाढतो. आवरण हटविण्याचा खर्च खनिजाच्या किमतीला गाठतो, तेथे खुल्या खाणीची मर्यादा संपते.

पायऱ्यांची रचना

खाणीची भिंत सरळ उभी कापता येत नाही; ती कोसळेल. म्हणून ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरविली जाते. या पायऱ्यांना ‘बेंच’ म्हणतात. बेंचची उंची यंत्राच्या आवाक्यावर ठरते, तर रुंदी डंपर सुरक्षितपणे वळेल आणि वरून निसटलेला दगड तेथेच अडकेल अशा बेताने ठेवतात. सर्व पायऱ्या मिळून भिंतीचा जो एकूण उतार तयार होतो, तो खाण अभियंत्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो.

त्याचे गणित सोपे आहे. खाण २०० मीटर खोल असून भिंतीचा उतार ४५ अंशांऐवजी ४० अंश ठेवायचा झाल्यास तिची वरची कड सुमारे ३८ मीटर मागे न्यावी लागते. एक किलोमीटर लांबीच्या भिंतीसाठी त्यामुळे सुमारे ३८ लाख घनमीटर जादा खडक काढावा लागतो, आणि त्यातून खनिजाचा एक कणही हाती येत नाही. उतार शक्य तितका उभा ठेवण्याचा मोह येथूनच निर्माण होतो. मात्र खडकातील भेगा, मातीचे मऊ थर आणि भेगांत साचणारे पाणी हे खर्चाचा हिशेब जुमानत नाहीत.

यंत्रसामग्री

कठीण खडकात प्रथम ड्रिल यंत्राने ओळीने छिद्रे पाडून सुरुंग लावले जातात. सर्व सुरुंग एकदम न उडविता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडविले जातात. त्यामुळे खडक नीट फुटतो आणि आसपासच्या वस्तीला बसणारा हादरा कमी होतो. फुटलेला खडक शॉवेल उचलते आणि डंपर वाहून नेतो. या दोघांचा मेळ जमावा लागतो. शॉवेलच्या साधारण चार ते सहा बादल्यांत डंपर भरला, तर दोघांनाही ताटकळावे लागत नाही. छत्तीसगडमधील गेवरा खाणीत ४२ घनमीटरच्या शॉवेल आणि २४० टनी डंपर वापरात आहेत.

सिंगरौलीच्या खाणींतील ड्रॅगलाइनला डंपरची गरज भासत नाही. २४ घनमीटरची बादली आणि ९६ मीटर लांबीचा बाहू असलेले हे यंत्र माती आपल्याकडे ओढते आणि कोळसा काढून रिकाम्या झालेल्या खड्ड्यात थेट टाकते. नेवेलीसारख्या मऊ भूस्तरात चाकावर बादल्या बसविलेले बकेट व्हील एक्स्कॅव्हेटर आणि वाहक पट्टे अखंड काम करतात. अनेक कोळसा खाणींत आता सुरुंगाविना थर खरवडणारी ‘सरफेस मायनर’ यंत्रेही आहेत.

पाणी आणि ढिगारे

पावसाळा हा खुल्या खाणीचा कसोटीचा काळ होय. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून खाणीभोवती चर खणतात. आत साचलेले पाणी सर्वांत खालच्या खड्ड्यात एकत्र करून पंपाने उपसले जाते. नेवेलीत तर लिग्नाइटखालील भूजलाचा दाब कमी ठेवण्यासाठी सतत उपसा करावा लागतो. काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांचा प्रश्न तितकाच गंभीर असतो. कोळसा खाणींच्या नियमांनुसार ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ढिगारा खाणीच्या काठाला खेटून रचला, तर त्याचा सारा भार खालच्या भिंतीवर येतो.

दोन दुर्घटना

अमेरिकेतील युटा राज्यात बिंगहॅम कॅन्यन ही तांब्याची प्रचंड खुली खाण आहे. १० एप्रिल २०१३ रोजी तिची एक संपूर्ण बाजू खाली आली. मात्र खडकाची संथ हालचाल रडार व अन्य उपकरणांनी बरीच आधी टिपली होती. कामगारांना बाहेर काढण्यात आले होते आणि एकालाही इजा झाली नाही. झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यातील राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी मातीचा प्रचंड ढिगारा खचला. त्या वेळी कामगार आणि यंत्रे खालीच होती. त्या दुर्घटनेत २३ जण मृत्युमुखी पडले.

खडक दोन्हीकडे घसरला. एका ठिकाणी त्याच्या पायथ्याशी कोणी नव्हते, दुसऱ्या ठिकाणी पाळीवरील माणसे होती. उताराचा अंश ठरविणे, त्याच्या हालचालीवर नजर ठेवणे आणि धोका दिसताच उत्पादन थांबविणे या तीन गोष्टी म्हणूनच खाण अभियांत्रिकीत शॉवेल-डंपरइतक्याच मूलभूत मानल्या जातात.