घोटाळे, सत्तापक्ष व लोकविश्वास : जुन्नर आणि आंबेगाव

सार्वजनिक अधिकाराचा विनियोग खाजगी अथवा पक्षीय लाभासाठी झाल्याचा आरोप प्रकट होऊन ज्या प्रकरणामुळे शासनकर्त्या पक्षाची पत धोक्यात येते, त्यास व्यवहारात राजकीय घोटाळा म्हणतात. अशा प्रकरणांचा जनमतावर होणारा परिणाम बहुधा राज्याच्या राजधानीतून मोजला जातो. परंतु मतदार राहतो तो गावात, आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा गेल्या चार दशकांचा निर्वाचनेतिहास पाहिला असता असे आढळते, की केवळ आरोपाने येथील लोकविश्वास क्वचितच ढळला आहे. आरोपाचा निवाडा न होता आरोपी व आरोपकर्ते एकाच सत्तेत जाऊन बसले, तेव्हा मात्र त्यास खोल तडा गेला आहे.

या मुलखात विश्वासाचा पाया मुख्यतः पाण्यावर उभा आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांपैकी घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात ज्या गावाचे नाव तालुक्यास मिळाले ते जुने आंबेगावच बुडाले, आणि तालुक्याची कचेरी असलेले घोडेगाव तेवढे वर राहिले. पाणी मात्र कालव्यांनी पूर्वेकडे, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. पश्चिमेकडील महादेव कोळी आदिवासी वस्त्यांनी जमिनी दिल्या, पूर्वेकडील बागायतदाराने ऊस, टोमॅटो व कांदा पिकविला, आणि या दोहोंच्या मधोमध जुन्नरचा विघ्नहर व आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, मंचर व नारायणगाव येथील बाजार आणि दूधसंस्था यांचे जाळे उभे राहिले. कालव्याचे आवर्तन सुटले की नाही, उसाची तोड वेळेवर आली की नाही, पतसंस्थेतील ठेव परत मिळते की नाही, या प्रश्नांची उत्तरे ज्या माणसाच्या शब्दावर अवलंबून असतात, त्याच्या पक्षावर मुंबईत कोणते किटाळ आले याचा विचार येथील शेतकरी करतोच. परंतु तो या प्रश्नांनंतर. हे अज्ञान नव्हे. ज्याची उपजीविका सत्तेच्या दैनंदिन कारभाराशी बांधलेली आहे, त्याचा तो विवेक आहे.

महाराष्ट्रातील आद्य मोठे प्रकरण म्हणजे बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांचे. जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेल्या अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानादी न्यासांसाठी देणग्या जमविल्या. त्या काळी सिमेंट नियंत्रित होते, आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळालेला सिमेंटचा कोटा व त्यांनी दिलेल्या देणग्या यांतील संबंध ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून उघड केला. सहकारी साखर कारखान्यांकडून घेतलेल्या रकमाही वादात आल्या, त्यामुळे हा विषय मुंबईच्या इमारतींपुरता न राहता ऊस पिकविणाऱ्या खेड्यांपर्यंत पोहोचला. या देणग्यांविषयी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी दिलेल्या निर्णयानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना पद सोडावे लागले. फौजदारी फिर्याद पुढे वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयात घोळत राहिली, १९८४ व १९८८ चे निकाल विधिज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाले, आणि अंतुले कालांतराने केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. काँग्रेस पक्षाने मुख्यमंत्री बदलला व सत्ता राखली. खेड लोकसभा मतदारसंघाने, ज्यात तेव्हा हा प्रदेश मोडत असे, १९८० प्रमाणेच १९८४ मध्येही काँग्रेसचे रामकृष्ण मोरे यांनाच निवडून दिले. अर्थात ती निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची होती, हे त्या निकालाचा अर्थ लावताना ध्यानी ठेवावयास हवे.

खरी उलथापालथ झाली ती १९८९ मध्ये. मार्च १९८६ मध्ये केंद्रातील काँग्रेस सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी केलेल्या सुमारे १,४३७ कोटी रुपयांच्या तोफाखरेदीत दलाली दिली गेल्याची वार्ता एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश नभोवाणीने दिली. संयुक्त संसदीय समितीच्या अहवालाने शंका मिटल्या नाहीत. आणि जुलै १९८९ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतर विरोधी पक्षांच्या बहुसंख्य खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले. महाराष्ट्रात काँग्रेसने त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीतही ४८ पैकी २८ जागा राखल्या, पण खेडची जागा गेली. तेथे निवडून आले जनता दलाचे किसनराव बाणखेले, मंचरचे, साध्या राहणीचे, विरोधी पक्षाचे राजकारण दीर्घकाळ केलेले गृहस्थ. तोफांची दलाली ही खेड्यातील माणसाला न दिसणारी वस्तू. ती त्याला पटली, याचे श्रेय ज्याच्या तोंडून ती कथा ऐकली त्या परिचित माणसाच्या निष्कलंकपणास द्यावे लागेल. तथापि अवघ्या काही महिन्यांनी, १९९० च्या विधानसभा निवडणुकीत, त्याच आंबेगावने काँग्रेसचे तरुण उमेदवार दिलीप वळसे-पाटील यांना प्रथमच विधानसभेत पाठविले, आणि १९९१ मध्ये लोकसभेची जागाही काँग्रेसकडे परत गेली. दिल्लीच्या सत्तेला जाब विचारणे आणि मुंबईच्या सत्तेशी नाते राखणे ही दोन कामे येथील मतदाराने दोन स्वतंत्र मतपेट्यांतून केली.

ही द्विधा रीत पुढे पक्की झाली. आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव-पाटील शिवसेनेच्या वतीने २००४ मध्ये खेडमधून, तर २००९ व २०१४ मध्ये नवनिर्मित शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. आणि याच कालखंडात वळसे-पाटील राष्ट्रवादी काँग्रेसच्या वतीने विधानसभेवर अखंडपणे निवडून येत राहिले. २००९ ते २०१४ या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते. नेमक्या याच काळात त्यांच्या पक्षावर सिंचन प्रकरणाचे सावट पडले. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून असे दिसले, की दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्च होऊनही ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले. जलसंपदा खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्रांनी कामाच्या दर्जावर व वाढीव खर्चांवर बोट ठेवले. आणि सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली, तीत सिंचनक्षमतेची वाढ पुष्कळ अधिक दाखविली गेली, आणि डिसेंबरात पवार पुन्हा त्याच पदावर रुजू झाले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाचा अहवाल जून २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्या वर्षी राज्यातील सत्ता बदलली. जुन्नरने महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शरद सोनवणे यांना निवडून दिले, जे त्या पक्षाचे त्या विधानसभेतील एकमेव आमदार ठरले. आंबेगावने मात्र आपला जुना प्रतिनिधी बदलला नाही. धरणांच्या पायथ्याशी राहणाऱ्या या मतदारांस सिंचनाचा हिशेब आकडेवारीतून कळावयाचा नव्हता; कालव्यात पाणी आहे की नाही हे त्यांना रोज दिसत होते, आणि ज्यांच्या शेतात ते आले त्यांनी विदर्भ-कोकणातील अपूर्ण धरणांचा राग आपल्या आमदारावर काढला नाही. हा न्याय अपुरा आहे, कारण खर्चलेला पैसा साऱ्या राज्याचा होता. पण तो समजून घेतल्यावाचून या भागातील पक्षनिष्ठा समजणार नाही.

शासनावरील विश्वासाची एक निराळी कसोटी त्याच वर्षी लागली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरड कोसळून गाडले गेले व १५१ माणसे मृत्यू पावली. आमडे येथे वसविलेल्या नव्या माळीणचे लोकार्पण एप्रिल २०१७ मध्ये झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात तेथील रस्ते व भराव खचले. यात कोणी पैसा खाल्ल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून या घटनेस घोटाळा म्हणता येत नाही. पण ज्यांनी सर्वस्व गमावले त्यांच्या नव्या उंबरठ्यापाशी जमीन खचावी, ही गोष्ट पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांच्या मनात कोणत्याही चौकशी अहवालाहून खोल उतरली असेल यात शंका नाही.

आरोपामुळे विश्वास घटण्याऐवजी वाढल्याचे उदाहरण २०१९ चे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बरखास्त झाले होते. साखर कारखान्यांना नियमबाह्य कर्जे दिल्याच्या त्या प्रकरणात ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला, आणि ऐन विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर अंमलबजावणी संचालनालयाच्या कारवाईत राष्ट्रवादीचे अध्यक्ष शरद पवार यांचेही नाव आले. शरद पवार बँकेच्या संचालक मंडळावर नव्हते. आपण स्वतःच संचालनालयाच्या कचेरीत हजर होऊ असे त्यांनी जाहीर केले, पोलिसांच्या विनंतीवरून तो बेत रद्द केला, आणि निकालात पक्षाच्या जागा ५४ वर गेल्या. जुन्नरमध्ये अतुल बेनके विजयी झाले. आंबेगावात वळसे-पाटलांचे मताधिक्य साठ हजारांच्या पुढे गेले. कर्ज, कारखाना व ऊस यांच्याशी जन्माचा संबंध असलेल्या शेतकऱ्याने तपासाची वेळ पाहिली आणि त्यात न्यायापेक्षा डाव अधिक ओळखला. त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरच्या पहाटे अजित पवार यांनी सिंचनाचे आरोप करणाऱ्या भाजपचे नेते देवेंद्र फडणवीस यांच्यासमवेत मंत्रिपदाची शपथ घेतली, आणि दोन दिवसांत सिंचनाच्या नऊ चौकश्यांचे दफ्तर बंद झाले. त्या चौकश्यांचा पवारांशी संबंध नव्हता असा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा खुलासा होता. तरीही त्या दोन तारखांमधील अल्प अंतर लोकांच्या स्मरणात राहिले.

आंबेगावचा थेट संबंध आला तो एप्रिल २०२१ मध्ये. मुंबईचे पोलीस आयुक्तपद गेलेले परमबीर सिंह यांनी २० मार्च रोजी मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून असा आरोप केला, की राष्ट्रवादीचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पोलीस अधिकाऱ्यांस दरमहा १०० कोटी रुपये जमविण्याचे लक्ष्य दिले होते. देशमुखांनी इन्कार केला. ५ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडून प्राथमिक चौकशीचा आदेश देताच त्यांनी राजीनामा दिला आणि गृहखात्याचा कारभार वळसे-पाटलांकडे आला. पक्षाची पत सावरण्यासाठी गवगवा न करणारा, नियमांची बूज राखणारा, सभागृहाच्या अध्यक्षपदावर पाच वर्षे बसलेला माणूस निवडला गेला, यात तालुक्यास अभिमान वाटणे साहजिक होते. देशमुखांना नोव्हेंबर २०२१ मध्ये अटक झाली व डिसेंबर २०२२ च्या अखेरीस ते जामिनावर सुटले. या आरोपांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती कैलास चांदिवाल यांच्या आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये अहवाल शासनास सादर केला. तो पुढील विधानसभा निवडणुकीपर्यंत प्रसिद्ध झाला नाही. आयोगाचा अहवाल दडवून ठेवण्याने आरोपी व आरोपकर्ता या दोघांचेही नुकसान होते, आणि सर्वांत अधिक नुकसान होते ते नागरिकाचे. कारण त्याला कोणावर विश्वास ठेवावा हे ठरविण्याचे साधनच मिळत नाही.

२७ जून २०२३ रोजी भोपाळ येथील भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे ७०,००० कोटी रुपयांच्या घोटाळ्यांचा आरोप केला. २ जुलै रोजी राष्ट्रवादी फुटली, अजित पवार मोदींच्याच भाजपचा सहभाग असलेल्या राज्य सरकारात उपमुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्यासमवेत शपथ घेणाऱ्या आठजणांत वळसे-पाटील होते. त्यांच्याकडे सहकार खाते आले. शरद पवारांचे स्वीय सहायक म्हणून ज्यांची राजकीय घडण झाली त्यांनी ही वाट धरावी, याचा धक्का आंबेगावात मोठा बसला. त्यांनी मतदारांपुढे जे समर्थन केले त्यात तत्त्वज्ञान नव्हते, पाणी होते : डिंभे धरणातून बोगद्याने माणिकडोहकडे पाणी वळविण्याची तजवीज झाल्यास तालुका कोरडा पडेल, आणि ते थांबविण्यास सत्तेत असणे भाग आहे. या समर्थनाची हेटाळणी झाली, पण या मुलखात विश्वासाचे चलन कोणते आहे हे त्याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. जुन्नरच्या बेनके यांनी आरंभी तटस्थता जाहीर केली व अखेर अजित पवारांच्या पक्षाकडून निवडणूक लढविली.

निकाल दोन टप्प्यांत लागला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शरद पवारांच्या पक्षाचे, मूळ नारायणगावचे, अमोल कोल्हे यांनी शिरूरमधून आढळराव-पाटलांचा सुमारे १,४०,००० मतांनी पराभव केला. आढळराव या वेळी अजित पवारांच्या पक्षाचे उमेदवार होते, म्हणजे ज्या पक्षाविरुद्ध ते वीस वर्षे लढले त्याच्याच एका शाखेचे. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत बेनके तिसऱ्या स्थानी गेले आणि जुन्नरने अपक्ष सोनवणे यांना निवडले, तेव्हा दोन्ही राष्ट्रवादी पक्ष एकाच मतदानात नाकारले गेले. आंबेगावात वळसे-पाटील आठव्यांदा विजयी झाले, परंतु पाच वर्षांपूर्वी साठ हजारांहून अधिक असलेले मताधिक्य १,५२३ वर आले. त्यांचे प्रतिस्पर्धी देवदत्त निकम हे पूर्वी त्यांच्याच गटातील होते व २०१४ मध्ये त्यांच्याच पक्षातर्फे लोकसभा लढले होते. राज्यात सत्तारूढ युतीची लाट असताना झालेली ही घट आहे, आणि तिचे कारण एखाद्या अपहारात शोधून सापडणार नाही, कारण वळसे-पाटलांवर असा आरोप सिद्ध झालेला नाही. मतदानाच्या दिवशी सहकारी बँकेच्या प्रकरणातील तपास एकदा बंद होऊन पुन्हा उघडला होता, आणि तो पुन्हा बंद करण्याची विनंती न्यायालयापुढे होती. चांदिवाल आयोगाचा अहवाल दफ्तरात होता. आणि ज्यांनी सिंचनाचे आरोप केले होते ते व ज्यांच्यावर केले होते ते एकाच मंत्रिमंडळाच्या वतीने मते मागत होते.