नरक्या : घाटातले झाड आणि काचेतले रोप

मावळात लोहगडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथून पश्चिमेस काही कोसांवर खंडाळा लागतो आणि पूर्वेस पुण्याजवळचे पाषाण. आज ज्या वनस्पतीचा इतिहास सांगावयाचा आहे, त्याचे दोन धागे या दोन ठिकाणांशी जुळलेले आहेत. ही वनस्पती म्हणजे सह्याद्रीच्या सदाहरित रानात वाढणारा नरक्या. त्याच्या दुर्गंधीमुळे लोकांनी हे नाव दिले असले, तरी त्याचे दुसरे नाव अमृता असे आहे. ही दोन्ही नावे सार्थ कशी ठरली, हाच आजचा विषय होय.

मुंबई इलाख्याचे डेप्युटी पोस्टमास्टर जनरल जॉन ग्रॅहम हे टपालखात्याचे काम सांभाळून वनस्पतींचा अभ्यास करीत. मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची त्यांनी केलेली यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी या झाडाची नोंद केली आणि आपले सहकारी निम्मो यांचे नाव त्यास दिले. ग्रंथ पुरा छापून होण्यापूर्वीच ग्रॅहम यांचे खंडाळ्यास निधन झाले व उरलेले काम निम्मो यांनीच तडीस नेले. त्या झाडाच्या अंगी काय गुण दडला आहे, याची दोघांसही कल्पना नव्हती.

तो गुण उघडकीस आला सव्वाशे वर्षांनी आणि तोही दुसऱ्याच झाडाच्या निमित्ताने. अमेरिकेत मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. पेशी दुभंगताना तिच्या आनुवंशिक सूत्राचा पीळ उलगडावा लागतो. हे द्रव्य त्या उलगडण्यास अडथळा करते, म्हणून अखंड वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात. पुढे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यातही असल्याचे दाखवून दिले. या द्रव्यापासून सिद्ध केलेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

रुग्णांचे भाग्य उजळले; परंतु झाडाचे दैव फिरले. द्रव्य साली-मुळांत व लाकडात असल्याने ते मिळवावयाचे तर झाडच तोडावे लागते. कोल्हापूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या घाटरानांतून नरक्याची चोरटी तोड व वाहतूक सुरू झाली. आजाऱ्याला जीवदान देणारे झाड स्वतः जिवास मुकू लागले.

अशा वेळी उपयोगी पडते ती ऊतिसंवर्धनाची विद्या. वनस्पतीची एकेक पेशी स्वतंत्रपणे वाढविता येईल, ही कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. तिला यश येण्यास बराच काळ जावा लागला. १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी क्षार, जीवनसत्त्वे, साखर व संप्रेरके यांचे जे पोषक मिश्रण सिद्ध केले, ते आजही प्रयोगशाळांतून वापरात आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जगन्नाथन, मस्कारेन्हस व त्यांचे सहकारी यांनी १९८० साली जुन्या, पूर्ण वाढलेल्या सागापासून काचपात्रात रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. रानातला वयस्क वृक्षही कुपीत पुन्हा बाळसे धरू शकतो, हे त्यावरून दिसून आले.

या विद्येच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने कोवळी डिरी निर्जंतुक करून कुपीत ठेवितात, तीस फुटवे आणवितात, मुळे धरवितात आणि बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावून रोप मातीत लावितात. दुसऱ्या वाटेने रोप करावयाचेच नसते. पेशींचा गोळा पातळ पोषक द्रवात सोडून बायोरिअॅक्टर नावाच्या बंद टाकीत हवा खेळवीत वाढवितात आणि औषधी द्रव्य पेशींकडूनच करवून घेतात. जपानात १९८३ साली शिकोनिन हे लाल द्रव्य या रीतीने व्यापारी प्रमाणावर निघू लागले. नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून त्यांपासून कॅम्प्टोथेसिन मिळविण्याचा प्रयोग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील फुलझेले, सातदिवे व पोळ यांनी २००१ साली प्रसिद्ध केला.

मग झाडाची चिंता मिटली काय? नाही. टाकीतल्या पेशी हे द्रव्य देतात खरे, परंतु झाडाच्या मानाने फारच थोडे. शिवाय एखादा जंतू आत शिरला तर सारी टाकी वाया जाते. कुपीतल्या रोपांची अडचण निराळी आहे. एकाच झाडापासून केलेली हजार रोपे एकाच वळणाची निघतात; एकीस लागलेला रोग साऱ्यांस बाधण्याचा धोका असतो. रानातले नरक्ये तसे नसतात. कोणात द्रव्य अधिक, कोणात उणे. अधिक गुणाचे झाड निवडावयाचे तर ते रानातच शोधावे लागते आणि त्यासाठी रान शिल्लक असावे लागते.

म्हणून प्रयोगशाळेला रानाचा पर्याय समजणे ही चूक होय. प्रयोगशाळेने रोपे करावीत, ती शेताच्या बांधावर व वनखात्याच्या रोपवाटिकांत वाढावीत, औषधाची गरज त्यांतून भागावी आणि घाटातल्या झाडावरची कुऱ्हाड थांबावी, हाच या विद्येचा खरा उपयोग. ग्रॅहमसाहेबांनी ज्या झाडाची केवळ नोंद केली, त्याचे मोल कळावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्या घाटांत अशी आणखी किती झाडे आपला गुण झाकून उभी असतील! त्यांचे मोल कळेपर्यंत ती उभी राहू देणे, एवढे तर आपल्या हाती आहे.