संस्थानिकांची सलून मोटार

रायपूरचे राजकुमार कॉलेज १८८२ साली जबलपुरास निघाले आणि १८९४ मध्ये रायपुरास आले. संस्थानिकांच्या मुलांना इंग्रजी वळणाचे शिक्षण द्यावे, हा त्याचा हेतू होता. या शिक्षणाबरोबर विलायती राहणीची आवडही आली; आणि विसाव्या शतकात त्या आवडीची सर्वांत ठळक खूण ठरली ती मोटार. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर चाचणीत एका रोल्स-राइस गाडीने आपल्या घाटांतून बिनबोभाट प्रवास करून दाखविला. ती गाडी ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. हत्ती आणि अंबारी यांचे दिवस सरत आल्याची ती सूचनाच होती.

त्या काळी असली मोटार तयार मिळत नसे. कारखाना केवळ इंजिन आणि सांगाडा देई. वरचा साज हूपर, बार्कर यांसारखे पिढीजात गाड्या बांधणारे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे चढवीत. सलून म्हणजे चहूबाजूंनी बंद, पक्क्या छपराची गाडी. आतील लाकूडकाम, कातड्याच्या बैठका, खिडक्यांचे पडदे हे सारे मालकाच्या हौसेचे. म्हणूनच एकाच वर्षाच्या दोन गाड्या सारख्या असतीलच असे नसे. रोल्स-राइसने संपूर्ण बांधलेली अशी आपली पहिली गाडी, सिल्व्हर डॉन, १९४९ साली विक्रीस काढली. आणि तोवर तिला घेणाऱ्या राजांचे राज्यच संपले होते.

१५ डिसेंबर १९४७ रोजी नागपुरास सरदार पटेल आणि छत्तीसगढचे राजे यांची बैठक झाली. बस्तर, कांकेर, राजनांदगाव, रायगड, सरगुजा आदी १४ संस्थाने १ जानेवारी १९४८ पासून मध्यप्रांत व वऱ्हाडात आली. राज्य गेले, खासगी मालमत्ता मात्र राजांकडे राहिली. तनख्याचे कोष्टक असे ठरले: उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर शेकडा १५, पुढील चार लाखांवर शेकडा १०, आणि त्यापुढे शेकडा साडेसात. म्हणजे पाच लाख उत्पन्नाच्या संस्थानाच्या वाट्यास वर्षाला ५५,००० रुपये आले. त्यात वाडा, नोकरचाकर, आश्रित आणि नातलग यांचा सांभाळ करावयाचा. अशा हिशेबात पेट्रोल पिणारी, सुटे भाग विलायतेहून मागवावी लागणारी मोटार चैनच ठरली. १९७१ च्या अखेरीस २६ व्या घटनादुरुस्तीने तनखेही बंद झाले.

अशा रीतीने देशभरच्या अनेक राजवाड्यांतील गाड्या विक्रीस निघाल्या. कित्येक परदेशी गेल्या, कित्येक गॅरेजात गंजल्या. पुढे १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. मात्र त्या नेहमीच्या वा धंद्याच्या वापरासाठी चालविता येत नाहीत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवण्यात आले.

रायपुरासारख्या शहरी अशी एखादी सलून आज विक्रीस निघाली, तर जाणता गिऱ्हाईक प्रथम सांगाड्यावरील आणि इंजिनावरील क्रमांक ताडून पाहतो. ते कारखान्याच्या जुन्या नोंदींशी जुळले, तरच गाडीचे मोल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दुसराच हिशेब मांडावा लागतो. अनेक संस्थानांत राजाचा खासगी खर्च आणि राज्याची तिजोरी यांत फारसे अंतर नसे. आणि त्या तिजोरीत भर पडे ती धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या साऱ्याची आणि जंगलच्या उत्पन्नाची. ज्यांच्या कष्टांवर गाडी आली, त्यांना तिच्यात बसावयास मिळाले नाही. विक्रीच्या कागदावर मालकांची नावे येतात, या लोकांचे नाव येत नाही. ती गाडी जतन करावी, ती कारागिरांच्या कौशल्यासाठी तर खरीच. पण तिच्यासमोर उभे राहणाऱ्या मुलाला हा दुसरा हिशेबही कोणीतरी सांगावयास हवा.