जिनिव्हा आराखडा करार
उत्तर कोरियाचा अण्वस्त्र कार्यक्रम गोठविण्यासाठी त्या देशाने अमेरिकेशी २१ ऑक्टोबर १९९४ रोजी केलेला करार. उत्तर कोरियाने १९९३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून (पहा : अण्वस्त्रप्रसारबंदी करार) बाहेर पडण्याची घोषणा केल्याने पेच उद्भवला, जून १९९४ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर व उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग यांच्या भेटीनंतर तो निवळला. करारानुसार उत्तर कोरियातील याँगब्यॉन येथील ५ मेगावॉटची अणुभट्टी बंद झाली. वापरलेल्या सुमारे ८,००० इंधनकांड्या डब्यांत मोहोरबंद करून आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आल्या. मोबदल्यात उत्तर कोरियाला दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या व वर्षाला ५ लाख टन इंधनतेल देण्याचे ठरले. या भट्ट्या कधीच पूर्ण झाल्या नाहीत. तरीही याँगब्यॉनमधील प्लुटोनियमनिर्मिती आठ वर्षे थांबली, हे कराराचे महत्त्वाचे फलित होय. उत्तर कोरियावरील गुप्त युरेनियम समृद्धीकरणाच्या आरोपावरून २००२ मध्ये करार कोलमडला. पुढे ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली (पहा : षट्‌राष्ट्रीय वाटाघाटी).